रांगेचं शेपूट

शुक्रवार, ७ मार्च. सकाळ.

आज संध्याकाळी सात वाजता शहरातल्या छुप्या कॉकटेल बारांची सहल आहे, गाइडबरोबर. तिकीट काढलं आहे. मी पीत नाही (अ‍ॅसिडिटी), पण आपण राहतो ते शहर आपल्याला माहीत असावं असं माझं मत आहे. हे खरं कारण आहे का? बऱ्याच अंशी. गाइड माझी मुलगी आहे, ही बाब वेगळी.

ताईकडून कळलं. कॉलेज सांभाळून दर शुक्रवारी हे काम करते म्हणे. माझा फोन ती दोन वर्षं उचलत नाही. बिझी असते. तिची आई आणि मी सहा वर्षांपूर्वी वेगळे झालो, पण मुलीचं आणि माझं काही बिनसलेलं नाही, नुसतं बोलणं होत नाही. ताई म्हणाली, पोटच्या पोरीला भेटायला तिकीट काढणारा बाप मी पहिल्यांदाच पाहतेय. मी सांगितलं, भेटायला नाही, शहर बघायला जातोय. त्यावर म्हणाली, बरं बाबा, पण निदान वेळेवर जा.

बुकिंग करताना फक्त आद्याक्षरं दिली. हे खोटं बोलण्यात जमा होतं का, यावर दुपारी विचार करायचा.

निश्चय: पावणेसातला हजर.

शनिवार, ८ मार्च

सात पंचविसला पोचलो. निघताना शर्टाचं बटण तुटलं. दुसरा शर्ट इस्त्रीचा नव्हता. इस्त्री तापायला वेळ लागतो, तो माझ्या हातात नाही.

पहिला बार चुकला. तो लाँड्रीच्या मागे आहे, कपडे धुवायच्या मोठ्या मशीनचं दार उघडून वाकून आत शिरायचं म्हणे. दुसऱ्याला गाठलं. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाखालचं तळघर. भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. एकात नुकतेच सात वाजले होते. त्या हिशोबाने मी वेळेवर होतो.

तिने केस बारीक कापले आहेत. काळा कोट. बोलताना उजवा हात कोपरापासून हलवते, थेट माझ्या आईसारखा. मला पाहून वाक्याच्या मध्ये थांबली. मग सर, तुमचं नाव यादीत आहे का, म्हणून विचारलं.

सर म्हणाली. कामाच्या ठिकाणी हाच शिष्टाचार योग्य. कौतुक वाटलं.

रांगेत सगळ्यांत मागे चालणाऱ्याला इथे शेपूट म्हणतात. कुणी मागे राहिलं नाही ना हे बघायचं आणि दार लावून घ्यायचं, हे शेपटाचं काम. तिने ते मला दिलं. दातांच्या डॉक्टरांचा आख्खा ग्रुप हजर असताना मला. म्हणजे विश्वास आहेच.

शेपटाला एवढीच अडचण की गाइड रांगेच्या दुसऱ्या टोकाला असते.

सोमवार, १० मार्च. रात्री जेवणाआधी.

तिसऱ्या बारबद्दल परवा लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही की राहून गेलं? मुद्दाम.

एका जुन्या ऑफिस-इमारतीत लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी आहे. लिफ्ट उत्तम चालू असते. पाटी खोटी. मला हे रुचलं नाही. औषधाच्या खोक्यात जो बारीक टाइपातला कागद असतो, तो तपासायची माझी नोकरी आहे. मूळ मजकूर एका हाताला, छापलेला दुसऱ्या हाताला, अक्षर न् अक्षर ताडायचं. खोटी पाटी माझ्या डोळ्यांत खुपणारच.

लिफ्ट खाली जाते. खाली हिरव्या मखमलीच्या खुर्च्या आणि पितळी दिवे. तिथे सगळ्यांना बसवून तिने एक गोष्ट सांगितली. ती अठरा वर्षांची झाली त्या संध्याकाळी तिचे बाबा तिला इथे घेऊन आले. बाबा उशिरा आले. ती बाहेर पायरीवर वाट बघत बसली होती. मग खाली येऊन बाबांनी तिच्यासाठी कॉकटेल आणि स्वतःसाठी लिंबू-सोडा मागवला आणि म्हणाले, जगातलं जे काही पहिल्यांदा करायचं असेल ते माझ्यासमोर कर.

डॉक्टरीण बाईंनी डोळे टिपले.

मी तिला तिथे कधीही नेलेलं नाही. मग ती असं का सांगते?

बुधवार, १२ मार्च

उत्तर मिळालं. ती मला काहीतरी सांगते आहे. समोरासमोर बोलणं अवघड जातं, म्हणून बाहेरच्या माणसांच्या आडून. लहानपणीही मला काही मागायचं झालं की बाहुलीशी बोलायची.

फक्त ‘उशिरा’ हा शब्द खटकतो. काय गरज होती? गोष्टीला काही मदत होत नाही. वाचणाऱ्याचं, म्हणजे ऐकणाऱ्याचं, बाबांबद्दल उगाच वाईट मत होतं. वरच्या नोंदीत त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे: गाळावी.

शुक्रवारचं तिकीट काढलं.

शनिवार, १५ मार्च

सात वीस. प्रगती आहे. बस चुकली. म्हणजे बस वेळेआधी आली होती, ही तिची चूक.

पुन्हा शेपूट. पुन्हा सर. पुन्हा तीच गोष्ट, आणि पुन्हा ‘बाबा उशिरा आले’. यावेळी मी हात वर केला आणि विचारलं की ट्रॅफिकमुळे वगैरे उशीर झाला असण्याची शक्यता आहे का. सगळे हसले. ती म्हणाली, सर, प्रश्न शेवटी घेऊ.

शेवटी घेतले नाहीत.

टीप ठेवावी की नाही? बापाने मुलीला टीप देणं अपमानकारक, गिऱ्हाइकाने गाइडला न देणं कंजूषपणाचं. ठेवली आणि पटकन बाहेर आलो.

सोमवार, २४ मार्च

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा स्वल्पविराम (दर दोन शब्दांनंतर थांबतो, म्हणून हे नाव) म्हणाला की तू, हल्ली, शुक्रवारी, फार लवकर पळतोस. त्याला एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ चहा ढवळला. मग विचारलं, त्या मित्राने, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, खरंच, काय केलं होतं?

मी म्हटलं, मित्राला विचारून सांगतो.

त्या दिवशीचं इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. हॉटेलात टेबल बुक होतं. निघायच्या सुमारास एका गोळीच्या कागदावर शून्य जास्त पडल्याचं लक्षात आलं. शून्य जास्त म्हणजे डोस दहापट. ती दुरुस्ती महत्त्वाची की केक? नंतर अजून दोन कागद बघून टाकले, हाताशीच होते. जेवण लांबणीवर पडलं. रद्द झालं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता.

शनिवार, २९ मार्च

काल ती गोष्ट सांगताना, बाबांचं वाक्य म्हणताना, माझ्याकडे बघत होती. माझ्या मागे बाहेर जायच्या दाराची पाटी आहे, हे खरं. पण पाटीकडे माणूस इतका वेळ बघत नाही.

ताईचा फोन. मी सांगितलं, सगळं जवळजवळ जुळून आलं आहे. ताईने विचारलं, बोलली का? म्हटलं, बोलते ना, चांगला तासभर बोलते. ताई म्हणाली, वेड्या, ती सगळ्यांशी बोलते, त्याचा तिला पगार मिळतो. मी फोन ठेवला. ताईचं लग्न लवकर झालं. तिला या गोष्टींतलं बारीक कळत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मला आठवायला लागलं आहे.

मखमलीची खुर्ची आठवते. पितळी दिवा आठवतो. ग्लासाच्या काठाला लावलेली लिंबाची चकती तिने काढून माझ्या सोड्यात टाकली, तेही आठवतं. या पाच शुक्रवारांतलंच हे सगळं आहे का, असं मी स्वतःला दोनदा विचारलं. पण चकती? चकतीबद्दल गोष्टीत एक शब्द नाही. मग ती कुठून आली?

माणसाला स्वतःचं चांगलं वागणं लक्षात राहत नाही. माझं तसंच झालं असणार.

निश्चय: पुढच्या शुक्रवारी तिला एकटीला अवघडत राहू द्यायचं नाही. बापाने एक पाऊल पुढे यायला हवं.

शनिवार, १२ एप्रिल

सात वाजून दहा मिनिटं. फुलं घ्यायला थांबलो आणि फुलवाल्याकडे रांग होती. नंतर फुलं नकोत असं ठरवलं, उगाच लक्ष वेधलं जातं.

लिफ्टच्या बारमध्ये तिची गोष्ट संपली तसा मी उभा राहिलो. लिंबू-सोडा आधीच मागवून ठेवला होता. तो वर धरला आणि सांगितलं की तो बाबा मीच.

प्रचंड टाळ्या. एका नव्या जोडप्याने माझ्याबरोबर फोटो काढला. बारमनने वाडगाभर खारे शेंगदाणे आणून ठेवले. कुणीतरी म्हणालं, गाइडताई, बाबांच्या गळ्यात पडा की! ती हसली. समोरचे सगळे दात दिसले, पण असं हसताना मी तिला लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. मग वेळ झाली, असं म्हणून लिफ्टकडे गेली. परत जाताना शेपटाचं काम तिने दुसऱ्याला दिलं.

भारावून गेली असणार. शिवाय आता मी शेपूट कसा? आता मी गोष्टीतला आहे.

फोन लावला. उचलला नाही. घरी जायच्या गडबडीत असेल.

मंगळवार, १५ एप्रिल

फोन नाही.

बुधवार, १६ एप्रिल

फोन नाही. ताईला विचारलं, तुझ्याशी काही बोलली का. ताई नुसती हं म्हणाली. एरवी माझ्यावर तोंडसुख घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नेमकी यावेळी गप्प.

शुक्रवारी वेळेवर जायचं. शर्ट आजच इस्त्री केला. बटणं ओढून पाहिली. बसऐवजी रिक्षा. ऑफिसातून अर्धी रजा.

शुक्रवार, १८ एप्रिल. संध्याकाळी साडेसहा.

हे लाँड्रीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. पहिला आलो. आतली बाई दोनदा विचारून गेली, कपडे टाकायचे आहेत का.

ती कोपऱ्यावरून वळेल आणि मला इथे बसलेलं बघेल. काही बोलायची गरजच नाही.

शनिवार, १९ एप्रिल

एक तरुण आला. गळ्यात बो-टाय, हातात यादी. म्हणाला, आज मी तुमचा गाइड.

पहिला बार अखेर पाहिला. मशीनच्या दारातून आत जाताना डोकं आपटलं. आत चांगलं आहे.

तिसऱ्या बारमध्ये त्याने सगळ्यांना मखमलीच्या खुर्च्यांवर बसवलं, जरा थांबला आणि सांगायला लागला. तो अठरा वर्षांचा झाला त्या संध्याकाळी त्याचे बाबा त्याला इथे घेऊन आले. त्याच्यासाठी कॉकटेल, स्वतःसाठी लिंबू-सोडा. जगातलं जे काही पहिल्यांदा करायचं असेल ते माझ्यासमोर कर. थांबायच्या जागाही त्याच. वीस वर्षं मी छापील मजकूर ताडून पाहतो. सहा आठवडे हा मजकूर कानांवर पडत होता, आणि तो छापील आहे हे मला ओळखता आलं नाही.

एका बाईने डोळे टिपले.

बाहेर पडताना त्याला गाठलं. तो दिलखुलास मुलगा आहे. म्हणाला, अहो काका, आम्ही सगळेच सांगतो, ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतात, टीप चांगली पडते. मागच्या आठवड्यात तर एक गृहस्थ उठून म्हणाले की मीच तो बाबा! आमच्या ऑफिसात हसून हसून मुरकुंडी वळली. मीही हसलो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ती गाइड काय म्हणाली. काहीच नाही, म्हणाला. तिने फक्त शुक्रवार बदलून मागितला. आता रविवारी सकाळी जुन्या पुलांची सहल घेते. तुम्हाला यायचं असेल तर जागा आहेत.

आणखी एक विचारलं. गोष्टीतले बाबा उशिरा येतात ना? आणि ती पायरीवर वाट बघते?

तो गोंधळला. छे, म्हणाला. उशिरा कशाला येतील? मूड जातो ना लोकांचा. तिने आपल्या मनाने घातलं असेल.

पायी घरी आलो.

१० मार्चची नोंद काढून पुन्हा वाचली. पाठ करून घेतलेल्या गोष्टीत बाबा तिला वेळेवर घेऊन येतात. प्रत्यक्षात मी आलोच नव्हतो. तिने आपल्या पदरचं एवढंच घातलं होतं, की बाबा उशिरा आले. म्हणजे आले. आख्ख्या गोष्टीत तेवढीच ओळ तिची होती, आणि मी तिच्याखाली रेघ मारून ठेवली.

रविवारचं तिकीट काढलेलं नाही.

समासातलं ‘गाळावी’ खोडलं. त्याच्या शेजारी आमच्या कामात लिहितात तसं लिहिलं: आहे तसंच ठेवावं.