थोरल्याची नजर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बर्फ कारखाना, मुख्य कचेरी.

विषय : उर्मट कामगारावर कारवाई होणेबाबत व अर्जदारास तातडीने संरक्षण मिळणेबाबत.
संदर्भ : फाटकावरील फलक, ‘वरिष्ठांशी उर्मटपणे वागू नये’.

महोदय,

अर्जदार या कारखान्यात मुकादम असून स्वभावाने शांत आहे. उर्मटपणा म्हणजे काय, याचा खुलासा फलकावर नसल्याने तो अर्जदारास स्वतःच्या हाताने करावा लागतो.

१. आज सकाळी लाद्या ओढणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याने सोललेली बोटे दाखवून, ‘साहेब, हातमोजे कधी मिळतील?’ असे सर्वांसमक्ष विचारले. हा आगाऊपणा होय. अर्जदाराने थोबाडीत दिली.

२. थोरल्याने ओठाचे रक्त पुसले, पण नजर खाली केली नाही. हा उद्धटपणा. त्यासाठी कमरेचा पट्टा काढावा लागला. बकलाने कान फाटला तरी थोरला ओरडला नाही. ओरडला असता तर अर्जदार तिथेच थांबला असता. परंतु न ओरडणे ही मग्रुरी होय, म्हणून फावड्याचा दांडा घेतला. तो मोडला. त्याची नोंद कारखान्याच्या नुकसानीत व्हावी.

३. थोरला ओल्या फरशीवर पडला. ‘ऊठ’ असे वारंवार बजावूनही उठला नाही, ही निव्वळ मुजोरी. श्वास थांबल्याचे इतरांनी सांगितले. तथापि डोळे उघडेच होते व अर्जदारावर रोखलेले होते. मेल्यावरही माज उतरू नये, याचे अर्जदारास फार वाईट वाटले.

४. धाकट्याने ते डोळे मिटले आणि यंत्र बंद केले. तेव्हापासून अर्जदार कचेरीत आतून कडी लावून बसला आहे. फोन लागत नाही. बाहेर सगळे कामगार लाद्या ओढायचे आकडे हातात घेऊन उभे आहेत. कोणी शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. धाकटा दारावर हळूच टकटक करून म्हणतो, ‘साहेब, जरा बाहेर येता का? घाई नाही. तुमचं लिहून होऊ द्या.’ इतक्या अदबीने ही माणसे आजवर कधी बोलली नव्हती. यात आगाऊपणा नाही, उद्धटपणा नाही, मग्रुरीही नाही. मग कारवाई कशाखाली मागावी?

तरी हा अर्ज मिळताच माणसे पाठवावीत, ही हात जोडून विनंती. अर्ज पोहोचवण्यास दुसरे कोणी नसल्याने तो दाराखालून धाकट्याकडे देत आहे. विचारले असता तो ‘द्या साहेब, पोहोचवतो’ म्हणाला.

आपला नम्र व भयभीत,
(सही)
मुकादम
दिनांक : आजचाच

सोबत : काही नाही. मोडलेल्या दांड्याचे दोन्ही तुकडे धाकट्याकडे आहेत.