सोऱ्यातून पडलेली अक्षरं

आये, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत बसत नाही, पण आज तुझ्याशी बोलल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. तुझी पणती आता तिसरीत आहे. तोंडानं अख्खा धडा म्हणते, पण लिहायला बसली की पेन्सिल चावते. तिची आई, म्हणजे माझी सून, लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभी असते. संध्याकाळी दमून येते, अभ्यास घ्यायला बसते, आणि पोर जरा अडली की अक्षर सांगून मोकळी होते. तिचं तरी काय चुकलं, स्वयंपाक व्हायचा असतो. पण पोरीला सवयच लागली, अडलं की वर बघायची. त्यात शाळेतून निरोप आला, पालकांसमोर प्रत्येकानं फळ्यावर लिहायचं. झालं, पोर हटून बसली. "मी न्हाई जानार. सगळी हसत्यात मला."

मी दुसरीपर्यंत शिकलेली, मी काय शिकवणार? पण मला तू आठवलीस. आपण कामशेतच्या बाजाराला निघालोय, तुझ्या डोक्यावर तांदळाची टोपली, आणि एसटी आली तर मी बोर्डावरचं एकेक अक्षर जुळवत उभी. का... म... शे... कंडक्टर वरून ओरडतोय, "मावशे, पोरीचं वाचून हुईस्तवर बाजार उठंल!" तू पायरीवर एक पाय ठेवून दांडा धरून उभी. "उठू दे की. तुला लय घाई असंल तर उतरून ढकल गाडी." सगळी एसटी हसली. तुला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण माझा 'त' होईपर्यंत तू दुसरा पाय उचलला नाहीस.

मग मीही ठरवलं, आपण थांबायचं. कुरडयांचे दिवस होते. अंगणात खाट टाकली, वर जुनं लुगडं, तांदळाची उकड सोऱ्यात भरली आणि सोऱ्या तिच्याच हातात दिला. म्हटलं, गोल नको पाडू, अक्षरं पाड. "आजे, येड लागलं का तुला?" असं म्हणत म्हणत तिनं 'आंबा' पाडला. मग 'कोंबडी'. अडली की माझ्याकडं बघते, मी कावळे हाकते. म्हणजे खरंच हाकते, कावळे लय झालेत. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय ओ, औंदा कुरडया का शाळा?" म्हटलं, "तुमी वाचून दावा, मग तळून देते!" चुकलेलं अक्षर उचलायचं, परत सोऱ्यात कोंबायचं, तिथं लाल शेरा मारायला कोण बसलंय? हळूहळू पोरीचं वर बघणं कमी झालं. लुगडं वाळलेल्या शब्दांनी भरलं, आणि आम्ही ते तळून आमटीबरोबर खाल्ले.

शाळेत फळ्यावर लिहायच्या दिवशी सून कामावर, म्हणून मीच गेले, इस्त्रीचं पातळ नेसून. पोर आली मागनं, माझं बोट घट्ट धरून. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हीच एक शब्द सांगा." माझ्या तोंडातून निघून गेलं, "सोऱ्या." मागं कुणीतरी फिसकन हसलं. पोरीनं खडू घेतला, 'सो' काढला आणि थांबली. एक आई हळूच पुटपुटायला लागली, तशी मी म्हटलं, "कुनी सांगायचं न्हाई. थांबा की जरा!" पोरीनं वर बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. अंगणात फिरायचं तसं मनगट फिरलं, आणि ते अवघड जोडाक्षर, जे मला हितं तिच्या वहीत बघून लिहावं लागलं, फळ्यावर उतरायला लागलं. माझ्या हातांना काही दम धरवेना, मी टाळ्या वाजवल्या. अख्खा वर्ग माझ्याकडं बघतोय, आणि पोर फळ्याकडं तोंड करूनच म्हणते, "आजे, थांब की! काना ऱ्हायलाय."

हा कागद कुठं पाठवायचा, आणि तुला तो वाचून तरी कोण दाखवणार. पण एक सांगते. घरी मी सगळ्यांना, त्या शेजारणीलासुद्धा, सांगितलंय की पहिली टाळी बाईंनी वाजवली. पोर शेजारीच बसली होती. गालात हसली, आणि वहीत तोंड लपवून बसली.