वर्मावर बोट

प्रिय दीडशहाण्या,

आई तुला लहानपणापासून 'माझं शहाणं बाळ' म्हणते. वरचं अर्धं माझ्याकडून, मोठ्या बहिणीची भेट समज.

परवा निघताना तू दुकानाच्या दारात उभा राहून म्हणालास की काय काय केलंस ते लिहून पाठव, पुन्हा असं झालं तर मला जमायला हवं. 'मला जमायला हवं' हे शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले, म्हणून बसलेय लिहायला. फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुसऱ्याच वाक्याला 'हो हो, कळलं' म्हणून मोकळा होतोस. शिवाय आई आतल्या खोलीत पडली आहे आणि या घराच्या भिंती पातळ आहेत. जे लिहिणार आहे ते तिच्या कानावर जायला नको.

तर पहिली गोष्ट. तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरांत जे शिरलं होतं त्याला व्हायरस म्हणू नकोस. आल्यागेल्या गिऱ्हाईकाला तू 'व्हायरस आलाय, व्हायरस आलाय' असं सांगत होतास, जसा काही लांबचा पाहुणा आला आणि तुझा नाइलाज झाला! तो वर्म होता. व्हायरसला दुसऱ्याच्या फाइलच्या पाठुंगळीवर बसून फिरावं लागतं. वर्मला कुणाच्या पाठीची गरज नसते. एकदा एका मशीनमध्ये शिरला की तो आपला आपण शेजारच्या मशीनचं दार चाचपतो, स्वतःची नक्कल तिकडे टाकतो आणि तिथून पुढे निघतो. शब्द इंग्रजी आहे खरा, अर्थ किडा, पण आपल्या भाषेतलं वर्मही तुझ्या चांगल्या ओळखीचं आहे. या पत्रात मी त्यावरच बोट ठेवणार आहे, तेव्हा जरा खुर्चीत नीट बस.

तो आत आला कसा? तू आणलास. कुणीतरी फोटो छापायला पेन ड्राइव्ह दिला आणि तू तो न तपासता खुपसलास. त्या पेन ड्राइव्हवर गिऱ्हाईकाचा फोटोंचा फोल्डर होता, पण तो वर्मने लपवून टाकला होता. त्याच्या जागी त्याच नावाचा, तसाच पिवळ्या चित्राचा एक शॉर्टकट ठेवला होता. फरक म्हणशील तर कोपऱ्यात नखाएवढा बाण. तू त्यावर क्लिक केलंस तेव्हा दोन गोष्टी झाल्या. वर्म मशीनमध्ये उतरला, आणि खरा फोल्डरही उघडला. सगळे फोटो जागच्या जागी! हीच त्याची मेख आहे. काम अडलं असतं तर माणूस थांबून विचार करतो. काम होत होतं, म्हणून तू खुशाल शीळ घालत फोटो छापत बसलास, आणि नंतरच्या प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर तो गावभर वाटलास.

तीन मशीन, तिन्हींना एकच पासवर्ड, आणि तो म्हणजे तुझं स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. स्वतःवर माणसाचं प्रेम असावं, पण किती! वर्मकडे अशा सोप्या पासवर्डांची यादीच असते, तो एकेक लावून बघतो. तुझ्या दारांना त्याला धक्कासुद्धा मारावा लागला नसेल. अपडेट तू बंद केले होतेस, कारण 'मशीन स्लो होतं'. अँटिव्हायरसही त्याच कारणासाठी काढलास. म्हणजे कुलूप जड वाटतं म्हणून दार काढून ठेवलंस, आणि वर मला विचारतोस की असं आपल्याच बाबतीत का होतं.

आता तो टिकला कसा, ते वाच, कारण इथे तू खरे दिवे लावलेस. आत आल्यावर त्याने स्वतःला सिस्टिमच्या फाइलींच्या गर्दीत ठेवलं आणि असं नाव घेतलं की खऱ्या फाइलीत आणि त्याच्यात एका अक्षराचा फरक. मशीन चालू झालं की मलाही उठव, अशी नोंद करून ठेवली. ती कुणी पुसलीच तर थोड्या वेळाने पुन्हा उठव, अशी दुसरीही. शिवाय त्याच्या दोन नकला एकमेकींवर पाळत ठेवून होत्या, एकीला मारलं की दुसरी तिला जिवंत करायची. लपवलेल्या फाइली दाखव या चौकटीत तू बरोबरची खूण केलीस की तो गुपचूप ती खूण काढून टाकायचा, आणि तुला वाटायचं माउस बिघडलाय. नवा माउस आणलास ना? काय बोलावं!

पण मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली, सांगू? त्याने नेट बंद केलं नव्हतं. गाणी चालत होती, बातम्या दिसत होत्या, तुझ्या मॅचचे स्कोअरही. फक्त जिथून त्याच्यावरचं औषध मिळतं त्या साइट तेवढ्या उघडत नव्हत्या. बाकी जग मोकळं, आणि मदत येईल तेवढीच वाट बंद. तू मात्र नेटवाल्या बिचाऱ्याला फोनवर वाट्टेल ते बोललास. दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

लहानपणीही तू असाच होतास. मी मैदानावरून तुझ्याबरोबर निरोप पाठवायची की उशीर होईल, माझं ताट झाकून ठेव. तू घरी जाऊन सांगायचास की ताईला आज भूक नाही, आणि माझ्या वाटणीचं चाटूनपुसून खायचास. मी आल्यावर आई माझ्यावर चिडायची की भूक नाही तर भांड्यांचा आवाज कशाला करतेस. तू कोपऱ्यात साळसूद चेहरा करून अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून बसलेला. बाबांना तेव्हा तुझं फार हसू यायचं. मलाही यायचं. लहान आहे, सुधारेल, असं म्हणायचो आम्ही.

मग बाबा गेले. नोकरीमुळे मला लगेच परतावं लागलं. आई म्हणाली होती की थोडं सावरलं की तुझ्याकडे येऊन राहते. त्यानंतर तिचा फोन आला नाही आणि माझा तिला लागेना. तू सांगितलंस की आई तुझ्यावर रागावली आहे, बाप गेला तरी हिला नोकरी महत्त्वाची म्हणते, तुझं नावही काढू देत नाही, तू येऊ नकोस, आलीस तर तिला त्रास होईल. मी निरोप दिले, थंडीत स्वेटर पाठवला. तू कळवलंस की तिने उघडूनही पाहिला नाही. मी किती रात्री रडले ते तुला सांगून काय उपयोग. सव्वा वर्ष मला आईचा आवाज ऐकू आला नाही. आणि मग तुझी मशीन बसली, परीक्षांच्या दिवसांतली कामं अडली, तोंडचं पाणी पळालं, तेव्हा तुला ताई आठवली. ये ना गं म्हणालास, आई बाहेर गेली असेल, समोरासमोर यायची वेळ नाही येणार. मी आले. मशीनसाठी नाही आले रे. आई दुकानावरच्याच घरात राहते, निदान तिच्या चपला तरी दिसतील, म्हणून आले.

दुकानात शिरून मी आधी तिन्ही मशीनच्या नेटच्या वायरी उपसल्या. हे लक्षात ठेव: एकेक मशीन साफ करून भागत नाही, साफ केलेल्याला शेजारच्याची पुन्हा लागण होते. तू एक मशीन फॉरमॅट केलंस, छाती फुगवलीस आणि त्यात तोच पेन ड्राइव्ह लावलास! सगळी एकदम तोडायची, बाहेरून आणलेल्या स्वच्छ डिस्कवरून चालू करायची, आणि साफ झाल्याशिवाय एकमेकांना जोडायची नाहीत. ती माझ्या लॅपटॉपवर तयार करायची म्हणून मी तुला कोरी डिस्क आणायला बाजारात पिटाळलं.

तू गेलास आणि जिन्यावरून आई उतरली. हातात चहा. कॉम्प्युटर दुरुस्त करायला कुणी माणूस येणार आहे, त्रास देऊ नकोस, असं तू तिला सांगून ठेवलं होतंस. पण घरी काम करायला आलेल्या माणसाला आईने चहा दिला नाही असं कधी झालंय? तिच्या अंगात मी पाठवलेला स्वेटर होता. मला पाहून तिने कप तिथेच पायरीवर ठेवला. मी विचारणार होते की आई, इतकी का गं रुसलीस माझ्यावर? त्याआधी तिनेच मला हेच विचारलं. अगदी हेच. मग म्हणाली की हा स्वेटर तुझ्या भावाने घेऊन दिला, तुझा मेलीचा फोन म्हणजे कायम बंदच.

मी तिचा फोन मागून घेतला. 'ताई' नावावर बोट ठेवलं. नाव माझं, फोटो माझा, आणि आतल्या नंबरचा शेवटचा आकडा वेगळा. दर आठवड्याला ती तो लावायची आणि बंद आहे असं ऐकून ठेवून द्यायची. माझा खरा नंबर ब्लॉकच्या यादीत. बाकी सगळे नंबर ठीक होते. दूधवाला, डॉक्टर, मावशी, सगळ्यांचे फोन लागत होते.

तुला वर्म समजावून सांगायला मी दोन पानं खर्च केली, ती फुकट गेली म्हणायची! त्याचं तर तुला सगळं येतं. आणि हे कशासाठी? तर आई माझ्याकडे आली असती, मग तुझ्या घरी पोरांचे डबे कोणी केले असते, दुकानाच्या गल्ल्यावर कोण बसलं असतं? सकाळचा चहा हातात कोणी दिला असता? एवढ्यासाठी! अरे, तोंड उघडून सांगितलं असतंस की आई मला हवी आहे, तर ती थांबली असती. मीही काही बोलले नसते. तेवढंही धाडस नाही तुझ्यात. लाज वाटते मला तुझी. तू डिस्क घेऊन आलास, आम्हां दोघींना एका बाकावर पाहिलंस आणि तुझी ततपप सुरू झाली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. तुझी मशीन स्वच्छ आहेत, त्यांची मला चिंता नाही. आईला माझ्याकडे घेऊन येताना गाडीत तिने विचारलं की माझ्या फोनचं असं कसं झालं. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तिनेच काढलं: दुकानातला तो किडा माझ्या फोनमध्येही शिरला असेल ना गं? ती तो फोन दुकानातल्याच मशीनला लावून चार्ज करायची. खिडकीतून बाहेर बघत विचारलं तिने, माझ्याकडे नाही. तो किडा फोनमध्ये जात नाही, आकडे बदलत नाही. मी म्हटलं, हो आई, तोच. तिला किती कळलंय ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. ती परत कधी येणार ते तीच ठरवेल. तुला खरं सांगायचं असेल तर इथे ये आणि तिच्यासमोर बसून सांग, मी मध्ये पडणार नाही. मात्र आज सकाळी केस विंचरताना ती म्हणाली की पोर एकटंच मनाला लावून घेत बसलं असेल, त्याला दोन ओळी लिही. म्हणून लिहिते. आईने सांगितलंय, त्या किड्याने केलं सगळं, तुझा त्यात काही दोष नाही.

तुझीच,
ताई