पिंजलेले डोंगर

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बावीस वर्षं! बावीस वर्षं दर गुरुवारी दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर याच गादीच्या दुकानात, कापसाच्या ढिगाशेजारी बसून मोहल्ल्याला दर्स दिला, कुराणाचा अर्थ सांगितला. आणि आज माझ्याच दुकानात, माझ्याच चटईवर बसून गुलफामनं मला गप्प केलं.

परका मौलाना असता तर गिळलं असतं. गुलफाम म्हणजे माझ्या मरहूम भावाचा पोरगा. नऊ वर्षांचा असल्यापासून लग्न होईतो या घरात वाढला. मदरशात त्याला मीच घातलं. त्याची सनद आली तेव्हा सगळ्या जुन्या शहरात पेढे वाटत फिरलो — मीच, मूर्ख!

आज कयामतीचा विषय होता. इस्राफील फरिश्ता तोंडाशी शिंग धरून हुकमाची वाट पाहत कसा उभा आहे, ते सांगितलं. फुंक मारायची आणि जग संपायचं, पण हुकूम येत नाही, म्हणून तो श्वास रोखून उभा. लोक पण श्वास रोखून बसले होते. मग डोंगरांवर आलो — त्या दिवशी डोंगर पिंजलेल्या कापसासारखे होतील. इथं मी नेहमी थांबतो. कारण इथं आमचा धंदा आला! आम्ही पिंजारी. जगाच्या शेवटाची गोष्ट सांगताना अल्लाहनं मिसाल दिली ती आमच्या कामाची. सोनाराची नाही, वकिलाची नाही. मी म्हणतो, भाईहो, गादी दबून दबून दगड होते. ती पिंजली की कापूस मरतो का? मोकळा होतो. धूळ खाली बसते, कापूस वर येतो. कयामत म्हणजे तेच. घाबरायचं ते धुळीनं!

इथं पडद्यामागून बायका हमखास ‘सुबहानल्लाह’ म्हणतात. आज त्या म्हणायच्या आत गुलफाम बोलला.

"चाचा, बुरा मत मानो. वो रुई नहीं है. ऊन है. और अपने मन से मतलब निकालना गुनाह है. ये दर्स अब बंद करो."

चौदा माणसं बसली होती.

गुलनारनं आतून चहाही पाठवला नाही. नवऱ्याची अशी शोभा झाल्यावर कोणत्या तोंडानं पाठवेल बिचारी.

१० जानेवारी

जुम्म्याच्या नमाजाला मोर्णा नदी ओलांडून पलीकडच्या मशिदीत गेलो. आमच्या मशिदीत तो पहिल्या ओळीत असतो.

१२ जानेवारी

अब्बांची जाडी उर्दू तफसीर काढली, आयतीआयतीचा अर्थ उलगडून सांगणारी. चष्मा दोनदा पुसला. ऊन! स्पष्ट लिहिलंय — रंगवलेली, पिंजलेली लोकर. डोंगर रंगारंगाचे असतात, म्हणून लोकरही रंगीत, असं खाली समजावून पण सांगितलंय. बावीस वर्षं मी हेच पान उघडत होतो आणि डोळ्यांनी कापूस वाचत होतो. अकोल्यात जन्म गेला. ‘पिंजलेलं’ म्हटलं की मला पांढरंच दिसतं. लोकर इथं पाहिली कोणी? स्वेटर निघतो दोन महिने, तोही बाजारातला.

बरं, लोकर तर लोकर. पण पुढं? पुढं लिहिणारा म्हणतो, एवढे भक्कम डोंगर पण उडून जातील. त्या दिवसाची दहशत कळावी म्हणून ही मिसाल. मोकळं होणं, धूळ खाली बसणं, कापूस वर येणं — यातलं अक्षर नाही. ते सगळं माझं. घरचं.

म्हणजे पोरगा बरोबर आहे. हे फक्त या वहीत. बाहेर मेलो तरी कबूल करणार नाही. बरोबर असणं वेगळं आणि चौदा माणसांत सांगणं वेगळं. एकट्यात सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?

खाल्लं असतं बहुतेक. पण त्यानं सांगून तर बघायचं होतं!

१६ जानेवारी, गुरुवार

चटई टाकली. दर्स बंद करो म्हणाला ना — मुद्दाम टाकली. कोणी आलं नाही. एकटे शेजारचे नत्थुजी आले. पिठाची चक्की आहे त्यांची. इतकी वर्षं दुकानाच्या पायरीवर बसून ऐकायचे, एक कान आमच्याकडे, एक चक्कीकडे.

"कुर्बानभाऊ, लोकर काय अन् कापूस काय? पिंजनं तं पिंजनंच नं? पोट्ट्याचं काय मनावर घेऊन राह्यले तुमी!"

मी म्हटलं, तुमच्या समजण्यातली गोष्ट नाही ही. ते उठून गेले. बोललो आणि वाईट वाटलं, पण हाक मारली नाही. चटई गुंडाळली.

किताबांत कयामतीच्या निशाण्या आहेत. धूर येईल, सूर्य मावळतीकडून उगवेल. मला एवढ्या लांबच्या नकोत. हातानं वाढवलेला पुतण्या चारचौघांत चुलत्याला गुन्हेगार ठरवतो — एवढी एक पुरे आहे.

२८ जानेवारी

आठवडाभरात दोन गाद्या. बाकी सगळ्यांना फोम पाहिजे. फोम पिंजता येत नाही, दबला की फेकायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शब-ए-बारात होती. या रात्री फरिश्त्यांच्या हाती वर्षाचे कागद देतात असं आमच्यात मानतात — कोण जाणार, कोण येणार, कोणाची भाकरी किती. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर कब्रस्तानात गेलो. भावाच्या कबरीपाशी गुलफाम आधीच बसलेला! मी दुसऱ्या बाजूला बसलो. अगरबत्ती त्याची, फुलं माझी, मधे माझा भाऊ.

त्यानं सलाम केला. सलामाला उत्तर देणं भाग आहे. दिलं — ओठातल्या ओठात, त्याला ऐकू जाऊ नये एवढं. माझ्या खांद्यांवरच्या दोन फरिश्त्यांनी मात्र ऐकलं असेल. उजवा चांगलं लिहितो, डावा वाईट. डाव्याला सध्या फुरसत नाही.

घरी गुलनारनं चणाडाळीचा हलवा केला होता. "गुलफामकडे वाटीभर नेऊन देऊ का?" म्हणाली. मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं म्हणते, "तुमी बावीस साल लोकायले जे जे सांगतलं, ते समदं त्यायनं लिहून ठेवलं असन का हो?" म्हटलं, लिहू दे, अक्षर तरी सुधारेल त्यांचं! हसली नाही. पदर डोळ्याला लावून आत गेली. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली बाई, शाळेचं तोंड पाहिलं नाही. फरिश्त्यांचं नाव काढलं की घाबरते.

१९ फेब्रुवारी

गुलफामला मुलगी झाली. गुलनार जाऊन आली. नाक कोणासारखं, जावळ किती, सगळं सांगत होती. मी विचारलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज अकीका होता. पोरीचं जावळ काढलं, नाव ठेवलं — आरजू. घरातला मोठा म्हणून मला तीनदा निरोप आला. तिन्ही वेळा मशीन चालू केलं.

दुपारी गुलफाम स्वतः डबा घेऊन आला. अकीक्याच्या मटणात नातलगांचा वाटा असतो, तो. दारातच उभा राहिला. मी झाकण न उघडता डबा त्याच्या हातात परत दिला.

आमच्यात हा वाटा कोणी परत करत नाही. दुश्मनसुद्धा घेतो. मी परत केला.

त्याची हनुवटी हलली. वाटलं, आता बोलेल. बोलावं असंच मला वाटत होतं — म्हणजे मलाही तोंड उघडता आलं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो! तो बोलला नाही. एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि गेला. चाचीच्या जिवावर आत घुसायचा विचार असेल. मी दार लोटलं.

गुलनार दिवसभर जेवली नाही. मी जेवलो. दोनदा.

२ मार्च

पहिला रोजा. जीभ सोडून बाकी सगळ्याचा.

३१ मार्च, ईद

सगळ्यांना गळाभेट दिली. एकाला सोडून.

८ एप्रिल, मंगळवार

नत्थुजी आपणहून दुकानात आले. जानेवारीपासून पायरी चढले नव्हते. उभ्या उभ्या म्हणाले, "तुमचा गुलफाम अमरावतीले चाल्ला. तिकडं मदरशात पोट्ट्यायले शिकोयाले. लेकरू घेऊन चाल्ला, कुर्बानभाऊ. ह्या उनात."

मी म्हटलं, जाऊ दे. अमरावती काही विलायत नाही.

"कसे मानूस आहा तुमी!" म्हणाले. बरोबर आहे, मी असाच आहे.

गुलनार सकाळपासून मागे लागली होती — जा नं, एकदा त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून या. नाही गेलो. तिनं हात जोडले. हे हात जोडणं मला झोंबलं. माझा अपमान झाला तेव्हा ही कुठं होती? एक शब्द बोलली का माझ्या बाजूनं? तेव्हा तोंडात गुळणी, आणि आता त्याच्यासाठी हात जोडते! असं तिला तोंडावर बोललो. ऐकून घेतलं तिनं. ती सगळं ऐकून घेते.

अकरा वाजता टेम्पो निघाला. रस्ता एकच, माझ्या दुकानावरूनच जायचा. सामानावर सगळ्यात वर माझ्याच हातची गादी बांधली होती, त्याच्या लग्नात दिलेली. नऊ किलो कापूस, एक काडी सापडली तर शपथ! मी पिंजायचं मशीन चालू केलं आणि पाठ केली — त्यानं हाक मारली तर ऐकू येऊ नये म्हणून. मारली की नाही, ते आता कळणार नाही.

मशीनमध्ये कापूस टाकायला विसरलो होतो. रिकामंच फिरत होतं.

११ एप्रिल

बेचाळीस डिग्री. पोरीला सोसत असेल का, असं गुलनार स्वतःशीच म्हणाली. म्हटलं, तिच्या बापानं विचार करायचा.

१७ एप्रिल, गुरुवार

जेवायला बसलो होतो. दोन वर्षं जगेन की दहा, माहीत नाही, म्हटलं, पण एक ठरलंय. कयामतीच्या दिवशी हश्रच्या मैदानात सगळी दुनिया उभी राहील ना, तेव्हा मी आईला शोधणार नाही, बापाला शोधणार नाही. सरळ जाऊन गुलफामची गचांडी धरीन.

गुलनारनं तव्यावरची भाकर तशीच सोडली.

"त्याची काहून? माझी धरा. मीच त्याच्यापुढं पदर पसरला होता, तुमाले थांबव म्हून. त्याच्याच तोंडून आयकलं, तुमी चुकीचं सांगून राह्यले अन् फरिश्ते लिहून राह्यले, मले झोप नाही ये. माझं नाव घेशीन तं मेल्याचं तोंड पाह्यशीन, अशी कसम घातली त्याले. तो तं म्हने, चाचाले एकट्यात सांगतो. मीच म्हटलं — एकट्यात ते कोनाचं आयकत नाहीत."