कोटाच्या बटणाएवढी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या रुग्णालयाच्या गेल्या महिन्यातल्या शिबिरात तपासलेल्या एका बाईची छातीतली गाठ कर्करोगाचीच निघाली. सुईने काढलेल्या नमुन्याच्या रिपोर्टवर पंधरा दिवसांपूर्वीच मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहून सही केली. तिला पाठवलेलं बोलावणं मात्र 'या पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन काल परत आलं. ते पाकीट माझ्या टेबलावर आहे.

रुग्णांचे फॉर्म मीच नोंदवतो, तुला ठाऊक आहे. खेड्यांतल्या बहुतेक बाया आठ-दहा महिने अंगावर काढून येतात. या बाईने वय एकेचाळीस सांगितलंय, काम शेतमजुरी, घरात हा आजार कुणालाच नाही. पण गाठ केवढी, या प्रश्नापुढे नर्सने तिचेच शब्द लिहिलेत: आधी शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या.

ताई, शेतात राबणारी बाई कोटाच्या बटणाने मोजत नाही; शिवणारी मोजते. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देतोय. ती तू नसशील तर चार शिव्या लिहून पाठव, आनंदाने खाईन.

तुझा,
धाकटा

५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शिव्या राहू देत. वय आठ वर्षांनी कमी सांगितलं, तेवढं चालवून घे. बटणाचं मात्र नर्ससमोर जीभ घसरून निघून गेलं.

आईचा फॉर्म तूच भरला होतास. पुढे आठवडाभर तुझ्या घशाखाली घास उतरला नाही. माझाही कागद तुझ्याच टेबलावर येणार, म्हणून नाव-गाव खोटं दिलं. मग बोलावणं मला मिळणार कसं, हे डोक्यातच आलं नाही. शिंपीणबाईंनी कापड उलटं बेतलं म्हण!

महिनाभर पत्र नाही, म्हणून धीर धरला होता. पण काल गाठीवर कोटाचं बटण ठेवून पाहिलं. त्याने ती झाकली जात नाही.

शाळेचे चाळीस गणवेश अर्धे राहिलेत. पंधरा दिवसांत उरकून येते. जेवत जा.

तुझी,
ताई

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र डॉक्टरांना दाखवलं. गाठ काखेपर्यंत पोचली नसेल तर शस्त्रक्रियेने निभावेल, असं ते म्हणाले. पंधरा दिवसांचं विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि परवाचीच वेळ लिहून दिली.

फॉर्म नव्याने भरलाय. वय एकोणपन्नास, काम शिवणकाम, घरात आजार: आई. ते लिहिताना हात थांबला, पण नंतर जेवलो.

उद्या शेवटच्या बसने येतोय. उरलेले गणवेश गाठोड्यात बांध. वॉर्डात बसून काजं तू कर, बटणं मी लावीन. वाकडी लागली तर खुशाल उसव. माया आहे तशी राहू दे, राग नंतर काढ.

परवा अकरा वाजता डॉक्टर आधी काख तपासतील, मग शस्त्रक्रियेचा दिवस ठरेल. बाकावर बसलो की नर्स नाव पुकारेल. या वेळी ते तुझंच असेल. ओ दे.

तुझा,
धाकटा