बाबांसोबत लढाईचा गेम लावताना

शुभम,

तुह्याशी बोलायची इच्छाच नाही, म्हणून लिहून राहिली. काल आतल्या खोलीत गेममधे तुह्या जागी 'कम्प्यूटर' लावून तू स्मृती नगरले मित्राकडे गेला. इकडे बैठकीत बाबा फौज हलवत म्हणत होते, "आज शुभम जबरदस्त लढून राहिला!" किळस आली मले तुही.

आज दोन्ही लॅपटॉप बैठकीतच ठेव, एकाच वायफायवर जोड. बाबांच्या लॅपटॉपवर नवा गेम उघड, तुह्यावरून जॉईन कर. दोन्ही खेळाडू 'माणूस' निवड. त्याईले चाल कराले वेळ लागला तरी उठू नको.

सकाळी मी त्याईले खरं सांगून टाकलं. म्हणाले, "मालूम होतं मले. शुभम एवढा वेळ माह्यासाठी बसते काय?"

उन्नतीताई