मारलं

सौ. मैना, जित्या सुरेंद्रचे तुले आशीर्वाद.

मी आलापल्लीच्या दवाखान्यात आहो. डावा हात मोडला, डोक्याले टाके पडले, पण बरा आहो. आमच्या जंगलखात्याच्या नाक्यावर चोरट्या सागवानाची गाडी अडवली, तं आतून आपल्याच गावचा मनसाराम उतरला. मी "अरे, तू?" म्हणेपर्यंत त्यानं कुऱ्हाडीचा दांडा घातला. मी पडल्यावरही लाथा घालत राह्यला, तोंडात रक्त अन् माती.

नोकरीवाल्यांसाठीची संवादाची दीड वर्षाची पदविका घेतो म्हटलं, तवा तू हसली होती, "ऑफिसात बोलाचं कसं, हे बी शिका लागते काय?" तिथले सर शिकवते, बोलणाऱ्यानं काय म्हटलं ते सोडा, ऐकणाऱ्यानं काय ऐकलं तोच निरोप. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं.

माझ्या जोडीच्या फारूकनं नाक्यावरून वायरलेसवर सांगितलं, "सुरेंद्रले मारलं." तो मारहाणीचं बोलला. ऑफिसनं ऐकलं, जीव घेतला. तेच गावात फोनवर गेलं. तू बांगड्या तं नाई फोडल्या? आपली लेक आचल जेवली काय?

आता आपल्याकडच्या एसटीचा कंडक्टर भेटून गेला. म्हणे, मनसाराम लपायले गावात आला अन् आपला धाकटा भूपेश कुऱ्हाड घेऊन त्याच्या घरात शिरला. "तुमच्या भावानं त्याले मारलं," एवढं बोलून तो गाडीकडे पळाला.

मैना, कोणतं मारलं?

तुझा,
सुरेंद्र